तीन एमएम की पाच

मृण्मयीनं मोबाइलवर फॉर्म उघडला.
म्हणाली, मामा, छाती सांगा, पोटरी सांगा, मानेचा घेर.
मापाला मिरजेहून बशीरभाई आले, गळ्यात टेप,
तीस वर्षं माझे लेंगे शिवलेत त्यांनी.
मानेपाशी थबकले:
"हिंदुराव, मान कशाला लागतीया? कापडाला का फासाला?"

रबराचा झगा. तीन एमएम की पाच?
टोपरं, बूट, हातमोजे घेतले तर पैसे वेगळे.
समुद्र अठ्ठावीस डिग्री, सूनबाई वाचत होती.
वरचं सांगू नको, म्हटलं, खालचं बघ.
आमच्या विहिरींना डिग्री नसायची.
तीन परस तोंडदेखली ऊब,
चौथ्याला पाणी एकदम परकं व्हायचं,
उंबरा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावं तसं,
आणि कानात कुणीतरी बोटं घालायचं.
माझा सूट म्हणजे करडीचं तेल,
टाचेपासून कानापर्यंत चोळलेलं.
वर आल्यावर गुळाचा खडा
आणि तापलेल्या दगडावर पालथं पडणं.

पुढं चौकट: आधीच्या डाइव्ह किती?
किती लिहू?
सावळजपासून पार कवठ्यापर्यंत
तुटून पडलेल्या मोटारी, फूटव्हॉल्व्ह, पाइप,
एक लुना,
भावाभावांच्या भांडणात फेकलेला देवाचा टाक,
एका बाईची नथ, जिच्यासाठी
दोन दिवस गाळ चाळला आणि नाही म्हणून सांगितलं.
आणि दोनदा
जे वर आणलं त्याची मजुरी घेतली नाही.
मग बोअर आले.
सहा इंचाच्या भोकात माणूस उतरत नाही.

मृण्मयीनं चौकटीत शून्य टाकलं.
"सर्टिफिकेट नाही ना, मामा."
बरोबर आहे.

मग जागा. मालवण, नेत्राणी, अंदमान.
इथं बुडालेलं जहाज, तिथं पोवळ्याची भिंत,
इथं म्हणे वीस मीटरपर्यंत लख्ख दिसतं.
दिसतं?
पाण्यात मी कधी डोळ्यांनी बघितलंच नाही.
हातांनी बघायचं. लोखंड वेगळं, लाकूड वेगळं,
केस वेगळे.
जहाज नको, म्हटलं.
जहाज म्हटलं की दोर कुठं बांधायचा तेच डोक्यात येणार.
जिथनं काही वर आणायचं नसतं
अशी एखादी जागा असली तर बघ.
ती हसली.
"कुठूनच काही आणायचं नसतं, मामा.
शिंपलासुद्धा नाही. हातही लावायचा नाही."
मी तिला परत विचारलं.
ती परत तेच म्हणाली.

सूट दोन्ही आले, ऐन चैतात, पसंतीला.
मणेराजुरीला बाबगोंडांच्या विहिरीवर गेलो.
पाचाचा अंगात घालायला तिघं लागली,
चेन पाठीला, हात पोचेना,
घाम आतल्या आत.
उडी मारली
आणि बुचासारखा वर.
परत मारली. परत वर.
चाळीस वर्षं बुडायचं काम केलं,
आणि हा झगा मला बुडू देईना!
द्राक्षबागेतल्या बायका डबे सोडून काठावर आल्या.
बाबगोंडा म्हणाला, "लेका, पाठीला भोपळा बांधलाय का?"
मृण्मयी वरनं ओरडली,
"शिशाचा पट्टा लागतो, मामा! तिकडं भाड्यानं देतात!"
ते काय सांगायचं मला?
आम्ही धोंडा घ्यायचो कवेत,
तळ लागला की सोडायचो.

थोडं पाणी मानेकडनं आत आलं, गार,
पाठीवर थांबलं,
आणि हळूहळू माझ्याइतकं कोमट झालं.
खाली सहा परस. त्या तळाचा कोपरान् कोपरा ठाऊक आहे मला.
आज कुणाचंच काही पडलेलं नव्हतं.

"पाचाचा परत धाड गं," मी ओरडलो, "तीन पुरे!"
"भिजवलेला परत घेत नाहीत, मामा!"

मग राहू दे, म्हटलं,
आणि उताणाच राहिलो आणखी थोडा वेळ.